ट्रॅक्टरच्या पूजेत मी काय पुटपुटत होतो

संपादकबाईंनी फोन केला तेव्हा त्यांना माझ्याकडून ‘देव न मानणाऱ्या घरात मुलं कशी वाढवावीत’ यावर लेख हवा होता. मी म्हटलं, बाई, मला ट्रॅक्टर गिऱ्हाइकाच्या ताब्यात कसा द्यावा एवढंच नीट येतं. त्या म्हणाल्या, मग त्यावर लिहा. हे दोन्ही विषय माझ्या बाबतीत एकच आहेत हे त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून हा लेख त्यांना मागितल्यापेक्षा जास्त मिळतो आहे.

निपाणीजवळ हायवेवरच्या एका ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये मी बावीस वर्षं डिलिव्हरीचं काम केलं. ट्रॅक्टर विकणारा वेगळा असतो, दुरुस्त करणारा वेगळा. मी मधला. ट्रॅक्टर कंपनीतून आला की त्याचं तेल-पाणी, चाकांतली हवा, दिवे, बॅटरी तपासायची, धुऊन पुसून उभा करायचा, आणि गिऱ्हाईक आलं की त्याला तो चालवायचा कसा ते समजावून चावी द्यायची. ऐकायला सोपं वाटतं. पण ट्रॅक्टरला उजव्या पायाशी ब्रेकचे दोन पेडल असतात हे किती जणांना माहीत आहे? एक डाव्या मागच्या चाकाचा, एक उजव्याचा. शेतात सरीच्या टोकाला झटक्यात वळायचं तर एकच दाबायचा. रस्त्यावर आलं की दोन्ही एका खटक्यानं जोडून टाकायचे, म्हणजे दोन्ही चाकं बरोबर थांबतात. न जोडता वेगात एकच दाबला गेला तर ट्रॅक्टर गर्रकन फिरतो आणि मागं उसाची ट्रॉली असेल तर उलटतो. माझ्या साऱ्या नोकरीचं सार या एका खटक्यात होतं, आणि तो मी कधी विसरलो नाही, पण त्याचं काय केलं ते पुढं येईल.

आमच्या घरात देव्हारा नाही. मी उचगावच्या शेतकऱ्याचा मुलगा, बायको नलिनी शहापूरच्या विणकरांची लेक. दोघांच्याही माहेरी-सासरी देवांची कमतरता नव्हती. आम्ही कुणाशी भांडून देव सोडला नाही. आत काही वाटत नाही, तर वाटतं असं दाखवायचं कशाला, एवढाच विचार होता. माझं नाव परशराम आहे, त्याला माझा इलाज नाही.

आमची एकुलती मुलगी रेवा. तिच्यासाठी घरात एकच नियम केला होता, माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणायचं आणि मग शोधायचं. दुसऱ्याच्या देवाची टिंगल करायची नाही, हा पोटनियम. गल्लीतल्या गणपतीपुढं झांज तीच सगळ्यांत चांगली वाजवायची आणि प्रसादाचा शिरा कुणाचाही असो, दोनदा घ्यायची. शेजारच्या आक्कांना तिची फार काळजी. म्हणायच्या, “पोरीला शुभंकरोती येत न्हाय, उद्या संस्कार म्हणून काय दावणार?” नलिनी म्हणायची, “आक्का, ती खोटं बोलत नाही.” त्यावर आक्का म्हणायच्या, “ते काय, लहान हाय अजून.”

या नियमाचा त्रास फार होतो, हे मात्र कुठल्याही पालकाला आधी सांगायला हवं. मुंग्यांना साखर जास्त आवडते की गूळ, असं तिनं एकदा विचारलं. मी इमानेइतबारे ‘माहीत नाही’ म्हटलं आणि कामावर गेलो. तिनं स्वयंपाकघरात सात ठिकाणी सात प्रकारचे गोड ढीग मांडले. त्या दिवशी आमच्याकडं स्वयंपाक झाला नाही, कारण नलिनीला पाय ठेवायला जागा नव्हती. संध्याकाळी हॉटेलात बसून आम्ही तिघांनी निकालावर चर्चा केली. गूळ जिंकला होता, पण तो संकेश्वरचा होता म्हणून असेल अशी शंका रेवानं काढली.

आता शोरूमकडं येतो. नवा ट्रॅक्टर पूजेशिवाय कुणी नेत नाही. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूचा हार, नारळ, चार चाकांखाली चार लिंबं, आणि थर्माकोलची माणसाएवढी चावी हातात घेऊन फोटो. अमावास्येला आणि पितृपक्षात आम्ही कॅरम खेळायचो आणि दसऱ्याला पाणी प्यायला सवड नसायची. पूजेला ठरलेले गुरुजी होते, पण दसऱ्याला त्यांच्या वाट्याला तीन शोरूम, दोन कारखाने आणि एक पेट्रोल पंप. एका दसऱ्याला ते आलेच नाहीत. बाहेर आठ ट्रॅक्टर, आठ कुटुंबं, आणि मुहूर्त सरत चाललेला. मालक माझ्याकडं आले.

“परशराम, सोवळं नेस आणि तू कर.”

“मला एकही मंत्र येत नाही, साहेब.”

“तुला पोथी कोण इचारतंय? ओठ हलव.”

मी ओठ हलवले. पण नुसते हलवायलाही काहीतरी लागतंच. खोटे मंत्र म्हणायचे नाहीत असं मनानं घेतलं, आणि तोंडपाठ एकच गोष्ट होती. हात जोडून, डोळे मिटून मी सुरात, शब्द कुणाला कळणार नाहीत असं पुटपुटू लागलो, ‘रस्त्यावर दोन्ही ब्रेक जोडावेत, उतारावर न्यूट्रल करू नये, ट्रॉली मागे असता वेग आवरावा, पहिल्या पन्नास तासांनी तेल बदलावे.’ शेवटी काहीतरी जोर हवा म्हणून ‘एअर फिल्टराय नमः’ म्हणून पाणी शिंपडलं. आठही कुटुंबं खूश. मराठी लोकांना वाटलं मंत्र कानडी परंपरेतले आहेत, कानडी लोकांना वाटलं मराठी. सीमाभागात राहण्याचा हा एक फायदा मला नोकरीत मिळाला.

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा नलिनी पोट धरून हसली. रेवाही हसली. मला माझ्या हुशारीचं भारी कौतुक वाटलं. खोटं बोललो नाही, पूजाही झाली आणि सूचनाही देऊन झाल्या. त्यानंतर गुरुजींना बोलवायचं मालकांनी बंदच केलं, आणि वेळ वाचावा म्हणून ट्रॅक्टरपाशी उभं राहून समजावण्याचा माझा अर्धा तासही कमी केला. मी हरकत घेतली नाही. सूचना पूजेत होतच होत्या, आणि ‘सर्व सूचना समजल्या’ या छापील कागदावर गिऱ्हाइकाचा कुंकवानं माखलेला अंगठा किंवा सही असायची.

दोन-तीन वर्षांत माझ्या हाताला गुण आहे अशी हवा झाली. परशरामअण्णांच्या हातचा नारळ फुटला की ट्रॅक्टर पंक्चरसुद्धा होत नाही, असं बोललं जाऊ लागलं. एकानं दुसऱ्या कंपनीचा जुना ट्रॅक्टर चाळीस किलोमीटर चालवत फक्त माझा हात लावून घ्यायला आणला. वडगावच्या एका यंत्रमागवाल्यानं नव्या मागाला हात लावायला नेलं. एक बाई वॉशिंग मशीन टेंपोत घालून शोरूमच्या दारात आली. मी प्रत्येकाला सांगायचो, तसं काही नसतं हो. ते म्हणायचे, मोठा माणूस कधी स्वतःच्या तोंडानं सांगतो का?

रेवा सहावीत असतानाच्या दसऱ्याला कोगनोळीचे बाळगोंडा अण्णा ट्रॅक्टर न्यायला आले. उसाचे बागायतदार, मोकळा माणूस, सोबत त्यांची म्हातारी आई आणि वीसेक माणसं. शाळेला सुट्टी, म्हणून रेवा माझ्याबरोबर होती. पूजा झाली, मंत्र झाले, लिंबं ठेवली, आणि ट्रॅक्टर पुढं घेतला. तीन लिंबं फुटली. मागच्या उजव्या चाकाखालचं चौथं जसंच्या तसं पिवळं धमक.

असं होऊ शकतं, कारण ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला वीतभर अंतरानं जाड पट्ट्या असतात आणि मध्ये खोल खाचा. लिंबू खाचेत सापडलं की त्याच्यावरून ट्रॅक्टर जातो आणि त्याला पत्ता लागत नाही. मागं घेतला, पुढं घेतला. तिसऱ्यांदाही लिंबू वाचलं. बायका कुजबुजू लागल्या. मालकांनी ते हळूच पायानं चेंगरायचा विचार केला, पण म्हातारीनं पाहिलं.

रेवानं त्या आज्जींना विचारलं, “लिंबू फुटलं नाही तर काय होतं?”

“मला बी ठाव न्हाय बाळ. माझी सासू सांगायची, फुटाय पायजे म्हणून.”

“तुम्ही त्यांना विचारलं नाही?”

“सासूला कुणी इचारतं व्हय गं?”

म्हातारी हसली, रेवाही हसली. मग तिनं वितीनं टायरची खाच मोजली, चाकाला वळसा घालून बघितलं आणि लिंबू चार बोटं पुढं सरकवलं. “आता घ्या.” लिंबू असं फुटलं की रस मालकांच्या पांढऱ्या विजारीवर उडाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. या गोंधळात पाऊण तास गेला होता, मागं पाच कुटुंबं खोळंबली होती. बाळगोंडा अण्णांनी सही केली आणि ट्रॅक्टर कोगनोळीच्या रस्त्याला लागला. खटका जोडला होता का, ते मी बघितलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत रेवानं माझ्या हाताचा अभ्यास करायचं ठरवलं. मी आणि माझा सहकारी सदा, दोघांनी दिलेल्या ट्रॅक्टरांची यादी तिनं शोरूमच्या सर्व्हिसच्या वहीतून काढली. सदाच्या हाताला गुण आहे असं कुणीच कधी म्हटलं नव्हतं. आपल्या वाट्याच्या ट्रॅक्टरांना तो नुसती उदबत्ती लावून हार घालायचा, आणि गर्दी संपल्यावर गिऱ्हाइकाला ट्रॅक्टरवर बसवून कंटाळवाण्या आवाजात सगळं समजावून सांगायचा. सुट्टी संपताना रेवानं निकाल सांगितला.

“आप्पा, तुमचे ट्रॅक्टर सदाकाकांच्या ट्रॅक्टरांपेक्षा जास्त बिघडतात.”

“ते कसं?”

“तुमचे लोक पहिल्या सर्व्हिसला येतच नाहीत. त्यांना वाटतं तुमचा हात लागलाय.”

मी हा किस्सा दुसऱ्या दिवशी शोरूममध्ये विनोद म्हणून सांगितला. सगळे हसले. मालकांनी रेवासाठी कॅडबरी पाठवली. त्या क्षणी मला हसू आलं, याची आज मला लाज वाटते.

गळीत हंगाम सुरू झाला आणि एका सकाळी बातमी आली की बाळगोंडा अण्णांचा ट्रॅक्टर कारखान्याच्या उतारावर उलटला. पुढं म्हैस आडवी आली, त्यांनी ब्रेक दाबला, ट्रॅक्टर फिरला. पाय दोन ठिकाणी मोडला. जीव वाचला. चार दिवसांनी त्यांच्याकडून माणूस आला, हातात पेढ्यांचा मोठा पुडा. म्हणाला, “अण्णांनी सांगितलंय, तुमच्या हाताचा गुण म्हणून पायावर निभावलं, न्हायतर माणूस गेला असता. ते लिंबू तीनदा वाचलं, तवाच समजायला पायजे व्हतं.”

ट्रॅक्टर उलटला तो लिंबामुळं आणि माणूस वाचला तो माझ्यामुळं, असा निकाल लागला होता. मी पेढे घरी आणले. रेवानं एक उचलला आणि कुणाचे म्हणून विचारलं. मी सगळं सांगितलं. तिनं पेढा तसाच हातात धरला.

“त्यांना दोन ब्रेकचं माहीत नव्हतं का?”

“मी सांगितलं होतं.”

“कधी?”

“पूजेत.”

ती म्हणाली, “म्हणजे तुम्हाला माहीत होतं आणि त्यांना नव्हतं.” तिनं पेढा पुड्यात परत ठेवला. रागानं नाही, नीट, पुडा बंद करून. इतक्या वर्षांत कुठल्याही गिऱ्हाइकानं, मालकानं, बायकोनं मला इतकं उघडं पाडलं नव्हतं. माझी मुलगी माझ्यावरचा विश्वास काढून घेईल का, एवढीच भीती मला त्या रात्रभर राहिली. नोकरीची भीती त्यापुढं काहीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मालकांना सांगितलं की मी कोगनोळीला जाऊन खरं सांगणार आहे. ते म्हणाले, “सही हाय न्हवं त्याची? मग तुला काय खूळ लागलंय? हाताचं नाव गेलं तर गिऱ्हाईक जाईल.” मी रविवारी निघालो. रेवा न विचारता स्कूटरवर मागं बसली.

कोगनोळीत पोचलो तर माझी वाट बघत असल्यासारखं घर भरलेलं. घराच्या पुढच्या सोप्यात बाजेवर बाळगोंडा अण्णा, पाय प्लॅस्टरमध्ये, भिंतीला टेकून. म्हातारीनं माझा उजवा हात धरून स्वतःच्या डोळ्यांना लावला. मी म्हटलं, मला थोडं बोलायचं आहे. तेवढ्यात शेजारणीनं तापानं फणफणलेलं पोर पुढं केलं. त्याला डॉक्टरकडं न्या असं सांगेपर्यंत एकानं दूध न देणारी गाय दारात आणून बांधली होती. एका कॉलेजातल्या मुलानं हॉल तिकीट पुढं केलं. मी तोंड उघडलं की कुणीतरी काहीतरी हाताखाली सरकवत होतं. शेवटी रेवानं माझा शर्ट मागून ओढला, आणि मी दोन्ही हात पाठीमागं घेऊन एका दमात म्हणालो, “अण्णा, मला मंत्र येत नाहीत. मी कधीच मंत्र म्हटले नाहीत.”

गाय सोडून सगळे गप्प झाले.

“मग त्ये काय व्हतं?” बाळगोंडा अण्णांनी विचारलं.

“ट्रॅक्टर चालवायच्या सूचना.”

“म्हणा बगू.”

मी म्हटल्या. पहिल्यांदाच मोठ्यानं म्हटल्या. रस्त्यावर दोन्ही ब्रेक जोडावेत, एवढ्यावरच त्यांनी हात वर केला.

“ह्ये तुमी माझ्याम्होरं हुबं ऱ्हाऊन म्हणत व्हता?”

“व्हय.”

“दोन हातावर?”

“व्हय.”

“मग मोठ्यानं म्हणायला काय झाल्तं?”

मला मंत्र येत नाहीत हे सांगायची लाज वाटली, असं मी सांगितलं. हात लावला की लोक खूश होत होते, त्याची मला सवय लागली, हेही सांगितलं. ते सांगताना मी रेवाकडं बघितलं नाही.

बाळगोंडा अण्णा फार चिडले. ओरडले नाहीत, पण मोडलेल्या पायाकडं बघत म्हणाले, “देवानं न्हाय ऐकलं तर समजतंय मला. तुमी मला ऐकू येऊ दिलं न्हाय.”

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो, म्हणजे त्या सोप्यात परत येता येईल. मालकांनी पूजेला नवे गुरुजी ठेवले आणि मला फक्त समजावण्याचं काम उरलं. माझी नोकरीची वर्षं भरेपर्यंत मी गिऱ्हाइकाकडून दोन ब्रेकची गोष्ट तीनदा मोठ्यानं वदवून घेतल्याशिवाय चावी दिली नाही, मुहूर्त टळो की राहो. लोक वैतागायचे. हाताची कीर्ती कमी झाली नाही हे मात्र सांगायला हवं. उलट, जो माणूस स्वतःहून खरं सांगतो त्याच्या हाताला किती गुण असेल, असं म्हणून वॉशिंग मशीनवाली बाई पुढच्या वर्षी फ्रीज घेऊन आली. रेवा आता बेळगावात शिकते. बाळगोंडा अण्णा अजून थोडे लंगडतात. बाजारात ते समोरून आले की मी थांबतो, ते कधी बोलतात, कधी मान वळवून जातात. दोन्ही त्यांचा हक्क आहे असं मी मानतो.

तर त्या दिवशी सोप्यातली माणसं एकेक करून उठू लागली. हॉल तिकीटवाला मुलगा हळूच निघून गेला. मी उठणार, तेवढ्यात भिंतीशी बसलेल्या म्हातारीनं मला थांबवलं.

“तुमच्या घरात देव न्हाय म्हणत्यात, खरं हाय?”

“खरं आहे, आई.”

“पाप लागंल असं बी वाटत न्हाय?”

“नाही वाटत.”

“मालकानं बी धाडलं नसंल.”

“नको म्हणाले होते.”

तिला खरंच कळत नव्हतं, आणि कळून घ्यायचं होतं. “मग हितं येऊन सांगायला तुमास्नी कुणाचं भ्या वाटलं?”

मी मागं न बघता बोट केलं. “हिचं.”

म्हातारीनं सहावीतल्या रेवाला, तिच्या रिबिनींना, धुळीनं भरलेल्या पायांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग घोंगडीवर थोडी सरकली, शेजारी जागा केली आणि म्हणाली, “ये गं, हितं बस.”